निकालाचा आकडा आणि मुर्रीचा रफार

आम्ही मुर्रीच्या बचत गटांच्या बाया, गोंदिया तालुक्यातून बोलतोय. मागच्या भाषणात गटाच्या खातेवहीबद्दल बोललो होतो. आजचा विषय ऐकायला वेगळा वाटेल, पण शेवटी तो खातेवहीपाशीच येणार आहे. निवडणुकीच्या निकालाचा आकडा मोजणीच्या टेबलावरून निघून आपल्या टीव्हीवर आणि आता मोबाईलवर कसा येतो, तो दाखवायची साधनं कोणी बनवली, आणि त्यात कॉलेजात शिकणाऱ्या पोरापोरींचा हात किती होता, हे आज सांगायचं आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो. सामुदायिक रेडिओला २००६ च्या धोरणाप्रमाणे स्वतःच्या बातम्या किंवा राजकीय कार्यक्रम देता येत नाहीत. त्यामुळे कोण जिंकावं, कोण हरावं, यावर आम्ही एक शब्द बोलणार नाही. हे इतिहासाचं भाषण आहे.

मग हा इतिहास सांगायची गरज का वाटली? काही वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या एका गावात गटातली एक ताई ग्रामपंचायतीला उभी राहिली. घर, बांधी, दोन लेकरं आणि गटाचं सचिवपद सांभाळून तिनं घरोघरी प्रचार केला. मोजणीच्या दिवशी ती नवऱ्यासोबत तालुक्याच्या ठिकाणी गेली. दुपारी नवऱ्याच्या मोबाईलवर एक चित्र आलं. रंगीत पट्टी, एका बाजूला ताईचा फोटो, दुसऱ्या बाजूला समोरच्या उमेदवाराचा, खाली मोठाले आकडे आणि वर ठळक अक्षरात ‘निकाल जाहीर’. त्यात ताई ४० मतांनी मागे होती. थेट टीव्हीवरचंच चित्र वाटावं, इतकं ते नीटनेटकं होतं. ताई रडत रडत घरी परतली. संध्याकाळी खरा निकाल कळला. ती हरली होती, पण ३ मतांनी. आकडे वाचले जात असताना, बेरीज लिहिली जात असताना, तिथं तिचं स्वतःचं माणूस कोणीच नव्हतं. बेरीज पुन्हा तपासा, असं म्हणायची वेळ निघून गेली होती.

तपासणी झाली असती तर ताई जिंकली असती, असं आम्ही म्हणत नाही. कदाचित तीच ३ मतं राहिली असती. पण विचारायचा हक्क तिचा होता, आणि तो एका चित्रानं हातचा घालवला. चित्र कोणी बनवलं, ते आजपर्यंत कळलं नाही. तेव्हापासून आमच्या बैठकीत एक प्रश्न सारखा निघतो. पडद्यावरच्या आकड्यावर आपण इतका पटकन विश्वास का ठेवतो? त्याचं उत्तर शोधता शोधता आम्ही मागे गेलो.

चित्रावर झालेली पहिली निवडणूक

स्वतंत्र भारताची पहिली सार्वत्रिक निवडणूक १९५१ च्या ऑक्टोबरपासून १९५२ च्या फेब्रुवारीपर्यंत चालली. मतदार होते १७ कोटींच्या वर, आणि त्यातल्या बहुतेकांना वाचता येत नव्हतं. म्हणून चिन्हं आली. त्या वेळी प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असे, पेटीवर त्याचं चिन्ह चिकटवलेलं असे, आणि मतदारानं आपली चिठ्ठी हव्या त्या पेटीत टाकायची. एकाच चिठ्ठीवर सगळ्यांची नावं, चिन्हं आणि शिक्का ही पद्धत पुढे आली. म्हणजे आपल्या देशातली निवडणूक पहिल्या दिवसापासून चित्रावर चालली. वाचता न येणाऱ्या बाईलाही आपलं मत कुठे पडलं ते दिसावं, हा त्यामागचा विचार होता.

पण त्याच निवडणुकीत बायकांच्या बाबतीत एक मोठी गोष्ट घडली. मतदार यादी करणारे दारात आले, तेव्हा लाखो बायकांनी स्वतःचं नाव सांगितलं नाही. कोणी म्हणालं ‘अमक्याची आई’, कोणी म्हणालं ‘तमक्याची बायको’. नाव सांगायची रीतच नव्हती. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशी नोंद चालणार नाही, असं ठरवलं. नाव सांगून दुरुस्ती करायला मुदत दिली, तरी जवळजवळ २८ लाख बायकांची नावं यादीतून गळाली. त्यात बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थान, मध्य भारत या बाजूच्या बाया जास्त होत्या. मैत्रिणींनो, आपल्या गटाच्या रजिस्टरमध्ये आज प्रत्येकीचं स्वतःचं नाव असतं, त्याची किंमत इथं कळते. जिचं नाव नाही, तिचं मत नाही, आणि कुठल्याही पडद्यावरच्या कुठल्याही आकड्यात ती नाही.

आपल्या भागाचंही एक पान या इतिहासात आहे. १९५४ च्या मे महिन्यात भंडारा लोकसभा मतदारसंघात पोटनिवडणूक झाली. तेव्हा गोंदिया भंडारा जिल्ह्यातच होता. आपला जिल्हा वेगळा झाला तो १ मे १९९९ ला. आणि तेव्हाचा भंडारा जिल्हा जुन्या मध्य प्रदेशात होता. त्या पोटनिवडणुकीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे होते. मतदारसंघातून दोन जण निवडायचे होते, एक सर्वसाधारण जागेवर आणि एक राखीव जागेवर. सर्वसाधारण जागा अशोक मेहता यांनी जिंकली, आणि राखीव जागेवर बाबासाहेबांचा पराभव करून भाऊराव बोरकर निवडून आले. तेव्हा भारतात टीव्ही नव्हताच. निकाल तारेनं जायचा, रेडिओवर यायचा, दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छापून यायचा. खेड्यातल्या बाईपर्यंत तो पोचेपर्यंत चार माणसांच्या तोंडून गेलेला असे.

खोटे दिवे आणि खरा संगणक

त्याच काळात परदेशात टीव्हीवर निकाल दाखवणं सुरू झालं होतं. ब्रिटनमध्ये बीबीसीनं १९५० च्या फेब्रुवारीत पहिल्यांदा टीव्हीवर निकाल दाखवला. आकडे हातानं लिहिलेल्या पाट्यांवर होते, आणि पाटी कॅमेऱ्यासमोर धरायची. त्या रात्री आकड्यांचा अर्थ सांगायला जो तरुण बसवला होता, तो २५ वर्षांचा होता आणि ऑक्सफर्डला संशोधन करणारा विद्यार्थी होता. त्याचं नाव डेव्हिड बटलर. हे नाव लक्षात ठेवा, ते पुढे भारतात येणार आहे.

अमेरिकेत ४ नोव्हेंबर १९५२ च्या रात्री सीबीएस वाहिनीनं पहिल्यांदा संगणकाची मदत घेतली. संगणकाचं नाव युनिव्हॅक. तो इतका अवाढव्य होता की स्टुडिओत आणणं शक्यच नव्हतं. तो फिलाडेल्फिया शहरात होता आणि कार्यक्रम न्यूयॉर्कहून चालला होता. मग लोकांना दाखवायचं काय? स्टुडिओत एक नुसता खोका मांडला आणि त्यावर लुकलुकणारे दिवे लावले. लोकांना वाटलं, हाच विचार करतोय! खरा संगणक दूर आपलं काम करत होता. थोडीच मतं मोजून झाली होती, तेव्हा त्यानं सांगितलं की आयझेनहॉवर ४३८ प्रातिनिधिक मतांनी मोठा विजय मिळवतील. जाणकार तर अटीतटीची लढत म्हणत होते. वाहिनीच्या लोकांना संगणकावर विश्वास बसला नाही, आणि तो अंदाज त्यांनी दाबून ठेवला. शेवटी आयझेनहॉवर यांना ४४२ मतं मिळाली. रात्री उशिरा वाहिनीला कबूल करावं लागलं की यंत्र बरोबर होतं.

या गोष्टीतली दोन टोकं बघा. जे दिवे लोकांना दिसत होते ते खोटे होते, आणि जो आकडा खरा होता तो लोकांना दाखवला नव्हता. आमच्या ताईच्या मोबाईलवरचं चित्र आठवलं की आम्हाला तो लुकलुकणारा खोका आठवतो.

पुढे १९५५ मध्ये बीबीसीनं एक साधी वस्तू काढली. घड्याळाच्या लंबकासारखा एक काटा. मागच्या वेळेपेक्षा मतं एका पक्षाकडून दुसऱ्याकडे किती सरकली, ते तो काटा डावीकडे-उजवीकडे हलवून दाखवायचं. तिकडे त्याला स्विंगोमीटर म्हणतात. त्यात वीज नाही, संगणक नाही. पण हजार आकडे वाचून जे कळणार नाही, ते त्या काट्यावरून लहान पोरालाही कळायचं.

विद्यार्थ्यांचा टीव्ही

आता विद्यार्थ्यांकडे येऊ. ब्रिटनमधल्या काही विद्यापीठांत विद्यार्थी स्वतःचं टीव्ही केंद्र चालवतात. ग्लासगो विद्यापीठातलं केंद्र १९६४ चं, यॉर्क विद्यापीठातलं १९६७ चं. पगारी माणूस नाही. अभ्यास सांभाळून पोरंपोरीच कॅमेरा धरतात, बोलतात, तारा जोडतात. त्यांच्या वर्षातला एक मोठा कार्यक्रम म्हणजे विद्यार्थी संघाच्या निवडणुकीच्या निकालाची रात्र.

या रात्रीची एक अडचण होती. तिकडच्या विद्यार्थी संघांत बहुतेक ठिकाणी मत पसंतीक्रमानं देतात. पहिली पसंती कोण, दुसरी कोण, असे आकडे लिहायचे. आपल्याकडे राज्यसभेची आणि राष्ट्रपतिपदाची निवडणूक याच रीतीनं होते. एक उदाहरण घेऊ. समजा १०० जणींनी मत दिलं. सीताला ४५, गीताला ३५, मीनाला २०. जिंकायला अर्ध्याच्या वर, म्हणजे ५१ हवेत. कोणालाच नाहीत. मग सगळ्यात कमी मतं असलेली मीना बाद होते आणि तिच्या २० चिठ्ठ्यांवरची दुसरी पसंती बघतात. त्यातल्या ४ सीताकडे गेल्या, १६ गीताकडे. आता सीता ४९ आणि गीता ५१. पहिल्या फेरीत मागे असलेली गीता जिंकली.

नुसते शेवटचे आकडे दाखवले तर बघणारी म्हणेल, सीता पुढे होती, मग गडबड केली कोणी? पण मीनाची पट्टी विरघळून तिचे तुकडे दोघींच्या पट्टीवर जाऊन बसताना दिसले, तर शंका राहत नाही. म्हणून निकाल दाखवणाऱ्याला चित्र हलवून दाखवावं लागतं, फेरीमागून फेरी.

मोठ्या वाहिन्यांकडे चित्रं बनवायची यंत्रं होती. १९८१ मध्ये ब्रिटनमध्येच क्वांटेल कंपनीचं पेंटबॉक्स नावाचं यंत्र आलं, पण ते विद्यार्थ्यांच्या आवाक्यापलीकडचं होतं. त्याच वर्षी बीबीसी मायक्रो नावाचा शाळेत चालेल असा छोटा संगणकही आला, आणि घरात बसून, शाळेत बसून पोरं स्वतः प्रोग्रॅम लिहू लागली. मायक्रोची किंमत पेंटबॉक्सच्या मानानं काहीच नव्हती. तिथून घरी बनवलेल्या सॉफ्टवेअरची वाट मोकळी झाली. बाजारातलं परवडत नाही, आणि परवडलं तरी आपल्या मोजणीच्या रीतीला ते बसत नाही. मग आपलं आपणच बनवायचं. गटातल्या बाईला हे वेगळं सांगायला नको. शिवणयंत्राची पट्टी तुटली तर आपणही सुतळी बांधून काम भागवतोच ना?

असं सॉफ्टवेअर चालतं कसं, ते सोप्या शब्दांत सांगतो. त्याचे तीन भाग असतात. पहिला भाग तक्ता. आपल्या रजिस्टरसारखा, उभ्या-आडव्या रेघांचा. नाव आणि त्यापुढे मतं. दुसरा भाग साचा. रांगोळीचा छापा असतो तसा. पट्टी कुठे, नाव कुठे, फोटो कुठे, रंग कोणता, हे आधी ठरवून ठेवलेलं असतं. तक्त्यात आकडा बदलला की छाप्यातली पट्टी आपोआप लांब किंवा आखूड होते. तिसरा भाग थर. कॅमेऱ्याचं चित्र खाली, पट्टी वर. कुठे झाकायचं आणि कुठे खालचं दिसू द्यायचं, हे संगणक ठरवतो, जसं आपण साडीवर वेगळ्या कापडाचं फूल शिवतो आणि बाकी साडी तशीच दिसते. आपल्याकडच्या टीव्हीचं चित्र सेकंदाला २५ वेळा नवं होतं, त्या प्रत्येक वेळी हा थर बरोबर जागेवर बसावा लागतो.

आज हे काम आणखी सोपं झालंय. स्वीडनच्या सार्वजनिक टीव्हीनं २००६ पासून स्वतःसाठी वापरलेलं कॅस्पर-सीजी नावाचं सॉफ्टवेअर पुढे सगळ्यांसाठी खुलं केलं. २०१२ मध्ये ओबीएस नावाचं फुकट सॉफ्टवेअर आलं, जे साध्या संगणकावर चालतं. बारावी शिकलेली आपली पोरगी चार दिवसांत ते शिकते.

दूरदर्शनच्या त्या रात्री

आपल्याकडे टीव्ही दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ ला सुरू झाला आणि मुंबईत २ ऑक्टोबर १९७२ ला. खेड्याच्या वाट्याला तो आला १९७५-७६ च्या उपग्रह प्रयोगात. सहा राज्यांतल्या २४०० गावांत सामायिक टीव्ही संच बसवले. महाराष्ट्र त्यात नव्हता, पण आपल्या शेजारची रायपूरकडची गावं होती.

निकालाची रात्र टीव्हीवर खरी रंगली ती १९८४ च्या डिसेंबरात. दूरदर्शनवर प्रणय रॉय आणि विनोद दुआ निकाल समजावून सांगायचे. मोजणी तेव्हा चिठ्ठ्यांची, दोन-दोन, तीन-तीन दिवस चालायची. मधल्या वेळात हिंदी सिनेमे लावायचे, म्हणून ज्यांना निकालात रस नव्हता तेही टीव्हीपुढे बसायचे. प्रणय रॉय यांनी अशोक लाहिरी आणि डेव्हिड बटलर यांच्याबरोबर भारतातल्या निवडणुकांच्या आकडेवारीचं मोठं पुस्तक तयार केलं, ते १९८४ चंच. हाच तो बटलर, १९५० च्या रात्री पाट्यांजवळ बसलेला विद्यार्थी. मतं किती सरकली हे दाखवायची ती काट्याची रीत अशी आपल्याकडेही आली.

मुर्रीचा रफार

पण आकडे दिसले तरी नावाचं काय? संगणक बनला इंग्रजीसाठी. इंग्रजीत एकापुढे एक अक्षर ठेवलं की शब्द झाला. आपलं तसं नाही. आपल्या गावाचंच नाव घ्या. मुर्री. बोलायला दोन अक्षरं, पण संगणकाच्या पोटात सहा तुकडे: म, उकार, र, हलन्त, र, दुसरी वेलांटी. यातला पहिला र उडून दुसऱ्या र च्या डोक्यावर रफार होऊन बसला पाहिजे. गोंदियामधली पहिली वेलांटी दिसते द च्या आधी, पण बोलताना आणि साठवताना येते द च्या नंतर. हे सगळं संगणकाला कोणीतरी शिकवायला हवं होतं.

ते काम कानपूरच्या आयआयटीत झालं, शिक्षक आणि विद्यार्थी यांनी मिळून. प्रा. आर. एम. के. सिन्हा आणि त्यांच्यासोबतचे मोहन तांबे यांची नावं त्यात घेतली जातात. देवनागरीत चालणारा संगणक त्यांनी १९८३ मध्ये दिल्लीच्या विश्व हिंदी संमेलनात दाखवला. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संस्था उभी राहिली आणि हे काम तिथं वाढलं. साध्या संगणकात बसवायचं जिस्ट नावाचं कार्ड तिथून निघालं. टीव्हीच्या चित्राखाली आपल्या लिपीत ओळी दाखवायची सोयही त्यातूनच आली. आपल्या सगळ्या भाषांच्या अक्षरांना आकड्यांची एकच रीत लावणारं इस्की हे मानक १९९१ मध्ये भारतीय मानक ब्युरोनं मान्य केलं. त्याच वर्षी जगभरासाठीचं युनिकोड आलं, आणि त्यातल्या देवनागरीचा पाया इस्कीच होता. आज तुम्ही मोबाईलवर मराठीत निरोप पाठवता, त्याच्या मुळाशी हे काम आहे.

तरीही अजून कधी कधी एखाद्या पडद्यावर आमचं गाव ‘मुर् री’ असं तुटलेलं दिसतं. आम्ही आता हीच परीक्षा ठेवलीय. एखादं सॉफ्टवेअर आमच्या पोरींनी आणलं की आम्ही म्हणतो, आधी मुर्री लिहून दाखव. रफार जागेवर बसला तर पुढे बोलू.

आमचा छोटा प्रयोग

महाराष्ट्रात नव्वदच्या दशकात कॉलेजांतल्या विद्यार्थ्यांच्या थेट निवडणुका बंद झाल्या. २०१६ च्या विद्यापीठ कायद्यात त्याची पुन्हा तरतूद आली, पण निवडणुकीची रात्र, मोजणी, निकाल दाखवणं, हे आमच्या लेकींनी कॉलेजात अनुभवलेलं नाही. म्हणून आम्ही ते गावात केलं. ग्रामसंघाचे पदाधिकारी निवडायचे होते. एरवी हात वर करून निवड व्हायची, आणि हात वर करताना शेजारणीकडे, जावेकडे बघूनच हात वर जायचा. या वेळी आम्ही चिठ्ठीवर चिन्हं काढली: सूप, पाटा, विळा, घागर. गटांतल्या तीन पोरींनी तक्ता, साचा आणि थर स्वतः तयार केले. समाजमंदिरातल्या टीव्हीला एक जुना लॅपटॉप जोडला.

नियम आम्ही ठरवला. एकजण चिठ्ठी उलगडून मोठ्यानं वाचेल आणि सगळ्यांना दाखवेल. दुसरी फळ्यावर खडूनं रेघ ओढेल. तिसरी लॅपटॉपवर आकडा भरेल. दर दहा चिठ्ठ्यांनी फळा आणि पडदा जुळवायचा. जुळला नाही तर पुढे जायचं नाही. एकदा जुळला नाहीच. फळ्यावर १४, पडद्यावर १५. पोरीचं बोट दोनदा पडलं होतं. मोजणी थांबली, चिठ्ठ्या पुन्हा मोजल्या, पडद्यावरचा आकडा खाली आला. मागे बसलेली एक म्हातारी आजी, जिला अक्षर येत नाही, ती मोठ्यानं म्हणाली, ‘घागरीची पट्टी आखूड झाली, बघा!’ तिला बरोबर कळलं होतं. आमच्यासाठी तोच त्या दिवसाचा मोठा निकाल होता.

मोठ्या निवडणुकीतही हेच असतं

लोकसभा-विधानसभेच्या मतदानानंतर प्रत्येक केंद्रावर किती मतं पडली, त्याचा हिशोब नमुना १७-सी मध्ये लिहितात आणि त्याची प्रत उमेदवारांच्या प्रतिनिधींना देतात. मोजणीनंतर केंद्रवार आकडे नमुना २० मध्ये येतात. फेरमोजणी हवी असेल तर एकूण आकडे वाचून दाखवल्यावर, पण निकाल जाहीर होण्याआधी, लेखी मागावी लागते. यंत्रातही अडचण येऊ शकते आणि ती दुरुस्तही करता येते. आपल्याच भंडारा-गोंदिया मतदारसंघात २८ मे २०१८ च्या पोटनिवडणुकीत यंत्रं बिघडल्याच्या तक्रारी आल्या, आणि ३० मे ला ४९ केंद्रांवर फेरमतदान झालं. उन्हातान्हात बाया पुन्हा रांगेत उभ्या राहिल्या. तक्रार वेळेत झाली, म्हणून ते झालं.

आणि ग्रामपंचायत तर आपलीच. ७३ वी घटनादुरुस्ती १९९३ मध्ये लागू झाली तेव्हा बायकांना एक तृतीयांश जागा मिळाल्या, २०११ पासून महाराष्ट्रात निम्म्या. आता आपल्यातलीच कोणी ना कोणी उमेदवार असणार. म्हणून आमच्या ग्रामसंघानं तीन गोष्टी ठरवल्यात. गटातली बाई उभी राहिली, तर मोजणीच्या ठिकाणी तिची एक विश्वासाची बाई वही-पेन घेऊन शेवटपर्यंत बसेल. फोनवर काहीही आलं तरी उठणार नाही. मोबाईलवर आकड्याचं चित्र आलं, तर पुढे पाठवण्याआधी तीन प्रश्न विचारायचे: हा आकडा कोणत्या कागदावरून आला, कोणी जुळवून बघितला, आणि मोजणी संपली का? आणि तिसरी गोष्ट, मतदार यादीत आपलं नाव आपल्याच नावानं आहे का, हे दरवर्षी बघायचं. १९५२ च्या २८ लाख बाया आम्हाला विसरायच्या नाहीत.

आता खातेवहीकडे येतो, सुरुवातीला म्हटलं होतं तसं. आपण दर महिन्याला बैठकीत बचतीचा आकडा मोठ्यानं वाचतो, पासबुकाशी जुळवतो, मग सह्या आणि अंगठे होतात. हे करताना कंटाळा येतो, खरं आहे. पण यॉर्कच्या विद्यार्थ्यांनी रात्र जागून जे केलं, आमच्या तीन पोरींनी समाजमंदिरात जे केलं, ते याच कामाचं दुसरं रूप आहे.

ती ३ मतांनी हरलेली ताई पुढच्या निवडणुकीत पुन्हा उभी राहणार आहे. तिच्यासाठी वही घेऊन बसायला आमच्यातल्या चौघींनी आत्ताच नाव दिलंय. तुमच्या गावात कोण बसेल, ते पुढच्या मासिक बैठकीत ठरवा आणि आम्हाला कळवा.